आधी उजेड, मग आवाज

पहिले पंधरा-वीस सेकंद रॉकेट मुकं असतं. समोरच्या झाडांच्या शेंड्यांआड एक पांढरापिवळा गोळा पेटतो, दोन्ही बाजूंना धुराचे लोट फुगत जातात आणि त्यातून एक बारीकशी काडी वर निघते. तिच्याखालची आगीची शेपटी तिच्याहून किती तरी लांब. एवढा प्रलय डोळ्यांसमोर चालू असताना कानावर येतो तो फक्त आजूबाजूच्या माणसांचा गलका.

श्रीहरिकोट्याच्या प्रेक्षक गॅलरीत माझ्या पुढच्या पायरीवर सोलापूरकडचं एक कुटुंब बसलं होतं. रॉकेट झाडांच्या वर आलं तसं त्यांच्यातल्या सात-आठ वर्षांच्या मुलानं वडिलांची बाही ओढली. ‘‘बाबा, आवाज का बंद केलाय?’’ वडील हसत त्याच्याकडे वळले, काही तरी सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आवाज पोचला. त्यांचं उत्तर कुणालाच ऐकू आलं नाही.

मुलाचा प्रश्न मात्र बरोबर होता. रॉकेट त्यानं तोवर टीव्हीवरच पाहिलं असणार, आणि टीव्हीवर ज्वाला आणि गर्जना एकत्रच येतात, कारण मायक्रोफोन लाँच पॅडच्या जवळ ठेवलेले असतात. माणसाला तिथं ठेवता येत नाही. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. आवाज, बंगालच्या उपसागराकाठच्या उकाड्यात, सेकंदाला जेमतेम साडेतीनशे मीटर. म्हणजे दर किलोमीटरला साधारण तीन सेकंद. पावसाळ्यात वीज चमकल्यावर गडगडाट होईपर्यंत आकडे मोजायचा खेळ आपण सगळ्यांनीच खेळलेला असतो. तोच इथंही चालतो. ज्वाला दिसताच मोजायला लागायचं, आवाज पोचला की आकड्याला तीननं भागायचं. आपण पॅडपासून किती किलोमीटरवर बसलोय ते कळतं.

गंमत इथं संपत नाही. रॉकेट दूर जात राहतं, तशी ही तफावत वाढत जाते. आपण आत्ता ऐकतो ती गर्जना रॉकेटानं मघाशी, खालून जाताना केलेली असते. आवाज आकाशाच्या एका कोपऱ्यातून येतो आणि रॉकेट दुसऱ्याच कोपऱ्यात दिसतं. शिवाय शेजारच्या माणसानं मोबाइलवर थेट प्रक्षेपण लावलेलं असेल, तर ते इंटरनेटमधून फिरून येताना आणखी काही सेकंद मागे पडतं. त्यामुळे एकाच उड्डाणाचे तीन काळ एकाच वेळी चालू असतात: डोळ्यांचा, कानांचा आणि मोबाइलचा. रॉकेट ढगात शिरत असतं आणि शेजाऱ्याच्या हातातली उलटगणती अजून ‘तीन, दोन’वर असते.

श्रीहरिकोट्याला जायचं तर उतरायचं सुल्लुरपेटला. चेन्नईहून उत्तरेकडे, कोलकात्याच्या दिशेनं जाणाऱ्या लोहमार्गावरचं हे आंध्र प्रदेशातलं गाव. चेन्नईच्या उपनगरी गाड्या इथवर येतात. दोनएक तासांचा प्रवास. मुंबई-पुण्याकडून जाणारे बरेच जण तिरुपतीचं दर्शन उरकून रस्त्यानं इकडे वळतात, आणि तसं करण्यात शहाणपणही आहे. उड्डाण पुढे ढकललं गेलं, तरी बालाजी जागेवर असतो.

सुल्लुरपेटची स्वतःची देवी आहे, चेंगाळम्मा. मोठ्या मोहिमेआधी इस्रोचे अध्यक्ष या देवळात येऊन जातात. चांद्रयान-३ आणि आदित्य-एल१ या दोन्ही मोहिमांआधी तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ इथं आले होते. त्यावर दर वेळी वर्तमानपत्रांतून थोडा वाद झडतो. मला त्यात विशेष काही वाटत नाही. इतकी वर्षं खपून केलेलं काम काही मिनिटांत आपल्या हातातून कायमचं निघून जाणार असेल, तर माणूस देवळाच्या पायरीवर घटकाभर टेकणारच.

गावातून बेटाकडे जाणारा रस्ता पुलिकत सरोवरातून जातो. ओडिशातल्या चिलिकाच्या खालोखाल देशातलं हे सर्वांत मोठं निमखाऱ्या पाण्याचं सरोवर. रस्ता भराव घालून केलेला, दोन्ही बाजूंना पाणी किंवा, उन्हाळ्यात गेलात तर, भेगाळलेला चिखल. हिवाळ्यात इथं हजारोंनी रोहित पक्षी उतरलेले असतात. आपल्याकडे भिगवणला उजनीच्या फुगवट्यात येतात तेच. पाण्यात माना खुपसून उभ्या असलेल्या या गुलाबी थव्यांच्या मागे, क्षितिजावर, लाँच पॅडचे मनोरे आणि रॉकेटची जुळणी करणारी उंच इमारत दिसायला लागते. सहल इथंच सुरू होते असं मी म्हणेन. सरोवर आणि उपसागर यांच्यामध्ये हे बेट चिंचोळ्या पट्टीसारखं पडलंय. क्षेत्रफळ सुमारे १७५ चौरस किलोमीटर, आणि समुद्रकिनारा ५० किलोमीटरचा. सुरूची आणि निलगिरीची झाडी, अधूनमधून तपासणी नाके. अंतराळकेंद्र येण्यापूर्वी इथं यानादी आदिवासींची वस्ती होती.

जागा ठरली १९६९ मध्ये. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी इथून पहिलं छोटं ‘रोहिणी’ रॉकेट उडालं. तेव्हाच्या ‘श्रीहरिकोटा रेंज’ या नावातली इंग्रजी अक्षरं जोडून ‘शार’ हा शब्द तयार झाला आणि आजही सुल्लुरपेटच्या रिक्षावाल्यापासून शास्त्रज्ञापर्यंत सगळे ‘शार’च म्हणतात. २००२ मध्ये केंद्राला इस्रोचे माजी अध्यक्ष सतीश धवन यांचं नाव अधिकृतपणे मिळालं, तरी तोंडातलं नाव गेलं नाही. संस्कृतात शर म्हणजे बाण. योगायोगच, पण सुरेख.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या माणसाच्या मनात एक प्रश्न येतोच. एवढा लांब कोकणकिनारा असताना हे सगळं तिकडे का? उत्तर पृथ्वीच्या फिरण्यात आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावरचा जमिनीचा तुकडा सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगानं पूर्वेकडे पळत असतो. श्रीहरिकोट्याच्या अक्षांशावर हा वेग साधारण ४५० मीटर भरतो. पृथ्वीजवळच्या कक्षेत टिकून राहायला सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. पूर्वेकडे उडी मारली, तर त्यातले पाच-सहा टक्के फुकट पदरात पडतात. धावत्या लोकलमधून उतरताना गाडीच्या दिशेनं का उतरतात, ते मुंबईकराला समजावायला नको. आता हेच रॉकेट समजा रत्नागिरीहून पूर्वेकडे सोडलं, तर जळून रिकामे झालेले टप्पे पडणार कुठं? सह्याद्री ओलांडून साताऱ्या-सांगलीच्या शिवारात. पश्चिमेकडे समुद्रावर सोडलं, तर फुकटचा वेग मिळायचा राहिलाच, उलट तेवढा आधी फेडावा लागणार. इस्रायलला नाइलाजानं हेच करावं लागतं. शेजारी देशांवर टप्पे पडू नयेत म्हणून तो देश भूमध्य समुद्रावरून पश्चिमेकडे रॉकेट सोडतो आणि त्यासाठी उपग्रहाचं वजन कमी ठेवावं लागतं.

मग केरळातलं थुंबा कसं चाललं? तिथून उडत ती ‘साउंडिंग’ रॉकेटं. वर जायचं, वातावरणाच्या वरच्या थरांची मोजमापं घ्यायची आणि समुद्रात पडायचं. त्यांना कक्षेशी देणंघेणं नव्हतं. हवं होतं ते थुंब्याच्या माथ्यावरून जाणारं चुंबकीय विषुववृत्त. ती जागा शोधण्यात विक्रम साराभाईंबरोबर कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी तिथून पहिलं रॉकेट उडालं आणि त्यानं आकाशात सोडलेल्या सोडियमच्या वाफेचा केशरी ढग दूरदूरच्या लोकांनी पाहिला. आपल्या देशात रॉकेट बघायला माना वर झाल्या त्या तिथपासून.

श्रीहरिकोट्याला मात्र सामान्य माणसानं आत बसून उड्डाण पाहावं अशी खास सोय फार उशिरा झाली. त्याआधी लोक सुल्लुरपेटच्या गच्च्यांवर चढत किंवा सरोवराकाठी उभे राहत. प्रेक्षक गॅलरीचं उद्घाटन झालं ३१ मार्च २०१९ रोजी, आणि दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, पीएसएलव्ही-सी४५ चं उड्डाण पहिल्या प्रेक्षकांनी तिथून पाहिलं. सुरुवातीची आसनक्षमता पाच हजार. क्रिकेटच्या मैदानासारख्या पायऱ्या, मोठे पडदे, ध्वनिक्षेपक, जवळच अंतराळ संग्रहालय आणि रॉकेटांच्या प्रतिकृतींची बाग. प्रवेशाला पैसे नाहीत. उड्डाणाच्या काही दिवस आधी संकेतस्थळावर नोंदणी उघडते आणि गाजावाजा झालेल्या मोहिमेची सगळी जागा बघता बघता भरते. ओळखपत्र, टोपी, पाणी आणि वेळ जवळ हवा. यातली शेवटची वस्तू सगळ्यांत जास्त लागते.

रॉकेट बघायला जाणं म्हणजे मुख्यतः थांबणं. गॅलरीत पोचल्यावर पुढचे दोन-तीन तास घडत काहीच नाही, आणि तरी सगळं घडत असतं. उलटगणती आदल्या दिवसापासून चालू असते. पीएसएलव्हीची साधारण पंचवीस तासांची. या काळात द्रव इंधनाच्या टाक्या भरल्या जातात, झडपा आणि यंत्रणा पुन्हा पुन्हा तपासल्या जातात. शेवटच्या काही मिनिटांत मोहीम संचालक परवानगी देतात आणि सूत्रं माणसांच्या हातून संगणकाकडे जातात. तिथून पुढे काहीही वावगं दिसलं, तर संगणक थांबवतो; विचारत बसत नाही.

तो कसा थांबवतो, हे २१ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी दिसलं. गगनयानच्या तयारीतली ती एक चाचणी. अंतराळवीरांच्या कुपीला संकटात रॉकेटपासून तोडून बाजूला काढता येतं का, हे तपासायचं होतं. वेळ आठची ठरलेली. हवामानामुळे ती साडेआठ झाली, मग पावणेनऊ. उलटगणती शेवटाला आली, आणि उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकानं सगळं गोठवलं. देखरेख करणाऱ्या यंत्रणेत त्याला खोट दिसली होती. ती सापडली, दुरुस्त झाली, आणि बरोबर दहा वाजता रॉकेट उडालं. कुपी सुटी झाली, हवाई छत्र्या उघडल्या आणि ती समुद्रात अलगद उतरली. त्या सव्वा तासात जे कंटाळून उठले असतील, त्यांची मला कीव येते.

चांद्रयान-२ च्या वेळी थांबूनही उपयोग नव्हता. १५ जुलै २०१९, पहाटे २ वाजून ५१ मिनिटांचं उड्डाण. तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद स्वतः आले होते. ५६ मिनिटं २४ सेकंद उरले असताना घड्याळ थांबलं आणि थोड्या वेळानं जाहीर झालं की आज नाही. लांबलांबून आलेली माणसं मध्यरात्री उठून घरी निघाली. यान उडालं ते आठवड्यानं, २२ जुलैला दुपारी. अशा वेळी चिडणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की गाडी सुटल्यावर साखळी ओढता येते, रॉकेटला साखळी नसते. जे थांबवायचं ते जमिनीवरच.

कधी कधी कारण रॉकेटात नसतंच. स्पेडेक्स मोहिमेचं उड्डाण ३० डिसेंबर २०२४ रोजी रात्री ९ वाजून ५८ मिनिटांना व्हायचं होतं. ते दोन मिनिटं पुढे ढकललं गेलं. वर त्याच वाटेवर दुसरे उपग्रह जवळ येण्याची शक्यता होती. कक्षेतली वस्तू दोन मिनिटांत नऊशेहून अधिक किलोमीटर पुढे निघून जाते, त्यामुळे एवढं थांबणं पुरतं.

आणि मग ती वेळ येते. ध्वनिक्षेपकावर आकडे खाली येत असतात, सगळे उभे राहिलेले असतात, आणि ज्यांनी मोबाइल वर धरलाय त्यांना रॉकेट मोबाइलच्याच पडद्यावर दिसणार असतं. माझा सल्ला विचाराल तर तो खिशात ठेवा. त्या उजेडाला कुठलाच कॅमेरा न्याय देत नाही. उजेड फार झाला की कॅमेरा आपोआप डोळे किलकिले करतो. सगळं दृश्य काळवंडतं आणि ज्वाला नुसती पांढरी चिरी होऊन बसते. प्रत्यक्षात तिच्याकडे सरळ पाहवत नाही. वेल्डिंगच्या ठिणगीकडे पाहावं तसं होतं. रात्रीचं उड्डाण असेल, तर आख्खी गॅलरी उजळून निघते आणि माणसांच्या सावल्या पडतात.

एवढा लख्ख उजेड येतो कुठून? पीएसएलव्ही काय किंवा चांद्रयान-३ नेणारं एलव्हीएम-३ काय, पहिली उडी घेतात ती मुख्यतः घन इंधनाच्या जोरावर. हे इंधन म्हणजे अमोनियम परक्लोरेट हा प्राणवायू पुरवणारा क्षार, ॲल्युमिनियमची भुकटी आणि या दोघांना धरून ठेवणारा रबरासारखा पदार्थ, हे सगळं कालवून नळकांड्यात ओतून घट्ट केलेलं. ॲल्युमिनियम जळतं तेव्हा त्याच्या ऑक्साइडचे असंख्य बारीक कण पांढरे होईपर्यंत तापतात आणि दिव्याच्या तारेसारखे तळपतात. तेच कण थंड झाले की मागे उरणारा दाट पांढरा धूर. उलट हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे आपण पाहतो तो झगमगाट एका अर्थी ॲल्युमिनियमचा असतो, घरातल्या पातेल्याचा आणि डब्याचा धातू.

या इंधनाशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. मॉन्सूनच्या अंदाजामुळे आपल्याला माहीत असलेले वसंत गोवारीकर मुळात घन इंधनाचे माणूस. देशी इंधन तयार करण्याची धुरा त्यांनी वाहिली आणि पुढे तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे ते संचालक झाले. एलव्हीएम-३ च्या दोन्ही बाजूंना जे जाडजूड बूस्टर दिसतात, त्या प्रत्येकात दोनशे टनांहून अधिक इंधन भरलेलं असतं. त्यांच्या पोलादी कवचाचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला घडतात. मधल्या गाभ्यातली द्रव इंधनावरची ‘विकास’ इंजिनं बनतात विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात. ही इंजिनं उड्डाणाच्या वेळी गप्प असतात, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ६४० टनांचं रॉकेट जमिनीवरून उचलतात ते फक्त दोन बूस्टर. विक्रोळीची इंजिनं पेटतात ती पुढे १०८ सेकंदांनी, आकाशात.

आता आवाजाबद्दल. तो नुसता मोठा असतो असं म्हणणं म्हणजे समुद्र नुसता ओला असतो असं म्हणणं. आधी छातीत काही तरी थरथरतं. कानाला ऐकू येणार नाहीत इतके खालचे सूर शरीर आधी ओळखतं. मग कडकडाट येतो. तो अखंड गर्जनेसारखा नसतो, तुटक असतो. जाड मांजरपाट कुणी तरी टराटरा फाडत जावं किंवा पत्र्याच्या छपरावर फटाक्यांची माळ लागावी तसा. त्याचं कारण असं. रॉकेटच्या शेपटीतून वायू आवाजाच्या कित्येक पट वेगानं बाहेर पडतात आणि आजूबाजूच्या स्थिर हवेत घुसळून निघतात. या घुसळणीतून दाबाच्या फार जोरकस लाटा उठतात. साधा आवाज ज्या आकारात निघतो त्याच आकारात पोचतो. या लाटा मात्र वाटेत बदलतात. लाटेच्या माथ्यावरची हवा दाबली गेल्यानं गरम असते, म्हणून माथा पायथ्यापेक्षा वेगानं पळतो आणि लाट पुढच्या अंगानं उभीच्या उभी होत जाते, किनाऱ्याशी येणाऱ्या समुद्राच्या लाटेसारखी. आपल्यापर्यंत पोचतात ते दाबाचे असे तीक्ष्ण कडे. कान त्यातला एकेक वेगळा पकडतो, तो कडकडाट. मोबाइलच्या मायक्रोफोनला आणि घरच्या टीव्हीला हे पेलत नाही. ते शेंडे छाटून टाकतात आणि उरते ती स्टोव्हसारखी घरघर. आवाजाचा दाब इतका असतो, की तो जमिनीवर आपटून उलटला तर वरच्या टोकाला ठेवलेल्या उपग्रहालाच इजा व्हायची. म्हणून एलव्हीएम-३ च्या पॅडवर उड्डाणाच्या वेळी पाण्याचा मारा करतात. तळाशी दिसणाऱ्या ढगात थोडी वाफ असते ती त्याची.

टीव्हीवर पाहून एक समज पक्का झालेला असतो, की रॉकेट वर जातं. कॅमेरा त्याला चौकटीच्या मध्यावर धरून ठेवतो, त्यामुळे ते सतत वरच जात असल्यासारखं दिसतं. गॅलरीत बसलं की हा समज मिनिटभरात मोडतो. रॉकेट काही क्षण सरळ चढतं, मग कलतं, आणखी कलतं, आणि समुद्राकडे वळून चक्क आपल्यापासून दूर निघून जातं. शेवटी ते डोक्यावर नसतंच, क्षितिजाकडे झुकलेलं असतं. पाहणाऱ्या कित्येकांना वाटतं की ते आता खाली पडणार.

पण खरी गोष्ट तीच आहे. कक्षेत पोचणं म्हणजे उंच जाणं नव्हे, आडवं पळणं. चांद्रयान-३ चं उदाहरण घ्या. १४ जुलै २०२३, दुपारी २ वाजून ३५ मिनिटं. सव्वादोन मिनिटांच्या आत दोन्ही बूस्टर गळून पडले, तेव्हा उंची सुमारे ६२ किलोमीटर होती. सोळा मिनिटांनी यान रॉकेटपासून सुटं झालं, तेव्हा उंची होती सुमारे १७९ किलोमीटर. मुंबई-नाशिक अंतराहून थोडीशी जास्त! सगळं इंधन गेलं ते उंचीवर नव्हे; ते गेलं सेकंदाला दहा किलोमीटरहून अधिक असलेल्या आडव्या वेगावर. गॅलरीतून डोळ्यांना दिसणारा तो कल पाहिला, की पुस्तकातलं हे वाक्य पुन्हा वाचावं लागत नाही.

ध्रुवांवरून फिरणाऱ्या कक्षेत जायचं असेल, तर रॉकेटला दक्षिणेकडे निघावं लागतं, आणि सरळ दक्षिणेला श्रीलंका आहे. म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेला समुद्रावर जातं आणि मग वळसा घेतं. या वळशात इंधन वाया जातं, आणि छोट्या रॉकेटला ते परवडत नाही. तमिळनाडूत तुतुकुडी जिल्ह्यातल्या कुलशेखरपट्टिनमला नवं केंद्र उभं राहतंय ते यासाठी. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तिथून दक्षिणेला थेट मोकळा समुद्र आहे.

एवढ्या लांब का बसवतात, याची तक्रार करणाऱ्यांनी २५ डिसेंबर २०१० आठवावा. त्या दुपारी जीएसएलव्ही-एफ०६ उडालं आणि मिनिटभरातच त्याचा ताबा सुटला. अशा वेळी सुरक्षा अधिकाऱ्याला रॉकेट स्वतःहून उडवून द्यावं लागतं, म्हणजे ते भलतीकडे जाऊन पडू नये. आकाशात धुराच्या फांद्या फुटल्या आणि जळते तुकडे समुद्रात पडले. उलट १८ मे २०२५ च्या पहाटेचं पीएसएलव्ही-सी६१ जमिनीवरून पाहणाऱ्याला निर्दोषच दिसलं असणार. बिघाड झाला तिसऱ्या टप्प्यात, काही मिनिटांनंतर, डोळ्यांच्या पार पल्याड. समोर बसून पाहण्याची मर्यादा ही अशी. टाळ्या वाजतात त्या पहिल्या दोन-अडीच मिनिटांसाठी. मोहीम यशस्वी झाली की नाही, ते गॅलरीतल्यांनाही पडद्यावरच कळतं.

आकाश निरभ्र असेल, तर चेन्नईच्या गच्चीवरूनही उड्डाण दिसतं, आवाजाविना. आणि न ठरवता रॉकेट बघायला मिळणं म्हणजे काय, हे चंद्रपूरकरांना विचारावं. २ एप्रिल २०२२ च्या रात्री विदर्भाच्या आकाशातून जळत्या रेघा गेल्या आणि सिंदेवाही तालुक्यात धातूचं एक भलंमोठं कडं आणि गोळे येऊन पडले. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. हा त्याच प्रवासाचा परतीचा भाग. त्याला मात्र नोंदणी नसते.

श्रीहरिकोट्याला आवाज एकदम थांबत नाही. तो झिजत जातो, कारण वर हवाच विरळ होत जाते आणि त्याला वाहून आणायला काही उरत नाही. रॉकेट आधी ठिणगीएवढं होतं, मग दिवसाउजेडी दिसणाऱ्या चांदणीएवढं, मग डोळा चुकतो. आकाशात उरतो तो धुराचा खांब. दोन-तीन मिनिटांतच तो वाकडातिकडा व्हायला लागतो: खालचा तुकडा जमिनीकडे सरकतो, मधला समुद्राकडे, वरचा तिसरीकडेच. प्रत्येक उंचीवर वारा वेगळ्या दिशेनं वाहतो हे एरवी हवामानखात्याच्या तक्त्यातच वाचायचं. इथं ते वर काढून दाखवलेलं असतं. पहाटेचं किंवा सांजेचं उड्डाण असेल, तर खाली अंधार आणि वरच्या धुरावर ऊन, असा नारिंगी-जांभळा खेळ अर्धा तास चालतो.

तोवर लोक पायऱ्या उतरायला लागलेले असतात. सोलापूरचा मुलगा वडिलांच्या खांद्यावर बसून कानांवर हात दाबत होता आणि काढत होता, आवाज पुन्हा येतो का ते बघायला. वाहनतळावर एकच गर्दी, बस भरलेली, पुढच्या गाड्या हलत नाहीत. चालकानं इंजिन बंद केलं. मागच्या सीटवरून कुणी तरी मोबाइल बघून ओरडलं, ‘‘उपग्रह सुटला!’’ आम्ही अजून फाटकाच्या आतच होतो.